कार्बुरेटर, इंजेक्शन आणि माझा उजवा पाय

नाही, पण मला एक सांगा, धडधाकट माणसाला गाडी सुरू करता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून त्याने किती लाजायचं? काही प्रमाण? आणि हसू नका, मी जे सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, गळ्याशपथ, हवं तर माझ्या पंपांच्या दुकानाची शपथ... बरं, दुकान माझं नाही, मी तिथे पाण्याचे पंप विकायला उभा असतो, पण शपथेला चालतं. शब्द न् शब्द खरा. म्हणजे गाडीचा रंग मी बदामी सांगणार आहे, तो एके काळी बदामी होता, आता त्याला रंग म्हणायला धाडस लागतं, आणि आणखी एका ठिकाणी मी जरा... ते असू द्या, ते शेवटी सांगतो, आत्ता सांगितलं तर तुम्ही उठून जाल. बाकी सगळं खरं. गाडी खरी, सासरे खरे, बायको खरी, मेकॅनिक खरा, आणि माझी लाज, ती तर कुठल्याही बाजारात वाजवून घ्या, खणखणीत.

तर गाडी सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणतो. मामा जन्मभर छापखान्यात मशीनवर होते, मशीनचा आवाज ऐकून कुठला रूळ कुरकुरतोय ते सांगायचे, आणि मशीन म्हटलं की ते पोटच्या पोरासारखं जपायचे, पोटच्या पोरीला मात्र माझ्या गळ्यात बांधलं, असो. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तशी त्यांनी एक दिवस गाडी स्वतः चालवत आमच्या दारात आणली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, 'जावईबापू, मला आता समोरचा माणूस दिसतो, पण तो बाजूला होतोय की नाही ते दिसत नाही. तेव्हा आजपासून गाडी तुमची. फक्त सकाळी सुरू करताना जरा तिच्या कलाने घ्या.'

आता कलाने घ्या म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, या जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा कालवायला एक भांडं असतं, त्याला कार्बुरेटर म्हणतात, आणि ते भांडं कालवतं अंदाजाने, म्हणजे तुमच्या अंदाजाने, कारण त्याला स्वतःचा अंदाज नसतो. सकाळी इंजिन गार असतं, तेव्हा आधी चोकचा खटका ओढायचा, मग पायाने पेडल सावकाश दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं, सोडायचं, मग पाय पूर्ण काढायचा, मग किल्ली, आणि इंजिनाने हूं म्हटलं रे म्हटलं की चोक अर्धा आत. मामा हे करायचे ना, बघत राहावं. घाई नाही, गडबड नाही, डोळे मिटलेले, मान जराशी कलती, आणि गाडी अशी उठायची की जणू ती जागीच होती, फक्त कुणी नीट हाक मारायची वाट बघत होती.

आणि मी? मी चोक ओढायचो, पेडल दाबायचो, वाटायचं कमी पडलं, अजून दाबायचो, वाटायचं आता थोडक्यासाठी कशाला राहायला, अजून दाबायचो, की इंजिन पेट्रोलमध्ये गळ्यापर्यंत बुडायचं आणि वास असा सुटायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, मुद्दाम आवाज करून. मग मामांना फोन. मामांचं घर मागच्या गल्लीत. मामा यायचे, इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी, खिडकीतून आत वाकून म्हणायचे, 'जावईबापू, पाय काढा.'

पाय काढा. एवढंच. रागावून नाही, ओरडून नाही, चष्मेवाला 'खालची ओळ वाचा' म्हणतो तसं. पण सगळी गल्ली ऐकायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तुम्हाला सांगतो.

बरं, बुडालेलं इंजिन वर काढायचा एक उपाय असतो, पेडल पार खाली दाबून धरायचं आणि मग किल्ली फिरवायची, म्हणजे भरपूर हवा जाते आणि जास्तीचं पेट्रोल उडतं. हा उपाय मामांनी मला शिकवला. माझ्या वाटणीला गाडी कायम बुडालेलीच यायची, बुडवणारा मीच, त्यामुळे झालं काय, उपाय इतका अंगवळणी पडला की मूळ काम शिकायचं राहूनच गेलं. किल्ली फिरली की माझा उजवा पाय आपोआप जमिनीला. आणि एवढं करून गाडी माझ्याच्याने सुरू व्हायची नाही ती नाहीच, मामाच लागायचे.

आता मधेच एक गोष्ट सांगून घेतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सासूबाई गेल्यापासून मामा एकटे. आणि मामांचं एक तत्त्व आहे, की कामाशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, मग ते पोटच्या मुलीचं का असेना. बायको फोन करायची, 'बाबा, या ना जेवायला.' 'काम काय आहे?' 'काम कशाला पाहिजे, बाबा?' 'मग कशाला येऊ?' संपलं. ती फोन ठेवून माझ्याकडे असं बघायची की जणू तत्त्व माझं आहे. पण गाडी हे काम होतं. सकाळी गाडी सुरू केली की गार इंजिन तापेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर ते चौकात मरतं, आणि ते तापेपर्यंत मामा वर यायचे. चहा घ्यायचे. पेपर नाकाला लावून वाचायचे. 'ही फळी कलती आहे,' म्हणायचे, 'हिला भूक लागत नाही का, किती वाळलीये,' म्हणायचे, ही म्हणजे बायको, आणि बायको 'बाबा, मी लठ्ठ झालेय,' म्हणत हसायची, आणि सकाळच्या वेळी आमच्या घरात कुणी हसण्याचा तेवढा एकच प्रसंग. गाडी खाली फुरफुरतेय, मामा वर चहा पितायत. दुसऱ्या दिवशी परत. आलं ना लक्षात? गाडी जेवढी नाठाळ, तेवढे मामा आमचे.

मला मात्र हे आलं नाही लक्षात. मला दिसत होती फक्त माझी लाज.

आणि त्यात तो पेट्रोल पंप. पेट्रोल पंपाची जमीन सपाट असते, तुम्ही कधी लक्ष दिलंय? मी दिलंय. भर सकाळी, मागे रांग, बायको शेजारी, पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली, आणि गाडी खर्र खर्र करून गप्प. मी दाबतोय पेडल. गप्प. मामांना फोन केला तर मामा म्हणाले, 'फोन इंजिनाजवळ धरा, मला ऐकू द्या.' आता काय करता? उतरलो, बॉनेट उघडलं आणि फोन आत धरून उभा राहिलो. मागून टेम्पोवाला विचारतो, 'काय झालं साहेब, ताप बघताय का?' रांग हसली. आणि घाईघाईत माझं बोट कुठे लागलं देव जाणे, फोनचा आवाज मोठ्याने सुरू झाला आणि बॉनेटच्या पोटातून मामांचा आवाज सगळ्या पंपावर घुमला, 'जावईबापू, पाय काढा.' मी तर उभा होतो हो. पाय कुठला काढू? पंपावरचा माणूस हातात नळी धरून अगदी मदतीच्या भावनेने म्हणाला, 'साहेब, ते पाय काढा म्हणतायत.' शेवटी टेम्पोवाल्याने आणि आणखी कुणीकुणी ढकलून गाडी बाहेर रस्त्याच्या उताराला लावली, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. बायको आत तशीच बसून होती, सरळ समोर बघत, भाड्याच्या गाडीत चुकून अनोळखी माणसाशेजारी बसल्यासारखी. ती कामाला आहे त्या दवाखान्याच्या दारात उतरताना एवढंच म्हणाली, 'बाबांना कशाला हाक मारलीत, पंपावरच्या त्या माणसाला सांगितलं असतंत तर त्याने केली असती सुरू.' मेल्याहून मेल्यासारखं झालं, तुम्हाला सांगतो.

त्या दिवशी मी ठरवलं. कार्बुरेटर काढायचा आणि इंजेक्शन बसवायचं.

इंजेक्शन म्हणजे, सोप्या भाषेत, कालवाकालव बंद. भांड्याच्या जागी बारीक पिचकाऱ्या, आणि पिचकारी किती उडवायची ते एक कॉम्प्युटर ठरवतो, हवा गार आहे का, इंजिन तापलंय का, सगळं तो बघतो, चोक नाही, अंदाज नाही, सासरे नाहीत, किल्ली फिरवा आणि निघा. जुन्या गाडीलाही बसवता येतं, खटपट असते, पण येतं. मी आठवडाभर फोनवर व्हिडिओ बघितले आणि असा तज्ज्ञ झालो की दुकानात पंप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही कार्बुरेटरचे तोटे समजावून पाठवला. तो पंप न घेताच गेला.

मग मेकॅनिककडे. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे वकील म्हणतात, कारण तो कुठल्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू लढवतो आणि निकाल देत नाही. मी म्हटलं, 'वकीलसाहेब, कार्बुरेटर की इंजेक्शन?' त्याने हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं, आणि सुरू झाला. 'हे बघा साहेब, कार्बुरेटर म्हणजे साधं काम. बिघडला तर कळतो कुठे बिघडला. पान्हा घ्या, उघडा, भोकातून फुंकर मारा, परत बसवा. रस्त्यात बंद पडलात तर रस्त्यातच उभं राहून चालू. घालवू नका.' मी म्हटलं, म्हणजे कार्बुरेटरच ठेवू? 'असं कुठे म्हणतोय? इंजेक्शन म्हणजे राजेशाही. थंडी असो, घाट असो, एका किल्लीत. पेट्रोल कमी खातं, धूर कमी, प्लग काळे होत नाहीत. आजच्या काळात कार्बुरेटर कोण ठेवतं?' म्हणजे इंजेक्शन बसवू? 'बसवा. पण टाकीत नवा पंप लागेल, कारण पिचकारीला दाब लागतो. धुराच्या नळीला भोक पाडून तिथे सेन्सर लावावा लागेल. आणि जुनी वायरिंग, तिच्यावर कॉम्प्युटर बसवायचा म्हणजे म्हाताऱ्याला नवीन दात. बसतात. पण चावेल काय, ते तुम्ही बघा.' मी म्हटलं, अहो वकीलसाहेब, तुमचं स्वतःचं मत काय? तर म्हणतो, 'माझं मत असं, की गाडी कोण चालवणार आणि कशासाठी ते आधी ठरवा. मागचं मी बघतो.'

बघा, आता वाटतं तिथेच थांबायला हवं होतं. कशासाठी? त्याने सरळ विचारलं होतं. पण मी तज्ज्ञ झालो होतो ना.

घरी बैठक बसली. मी, बायको आणि मामा. मामांना बैठकीला बोलावलं म्हणजे काम होतं, त्यामुळे आले. मी उभं राहून भाषण केलं, हो, उभं राहून, दुकानात पंप समजावतो तसं, हातवारे करून, इंधनाची बचत, हवेचं प्रदूषण, इंजिनाचं आयुष्य, एकदा तर 'विज्ञान' हा शब्दही वापरला. मामा ऐकत होते. मग म्हणाले, 'इंजेक्शन बिघडलं तर काय करता?' मी म्हटलं, कॉम्प्युटर सांगतो काय बिघडलंय ते. 'आणि कॉम्प्युटर बिघडला तर?' मी म्हटलं, तो नाही बिघडत. मामा म्हणाले, 'बरं. म्हणजे तो एकटाच.' आणि चहाची बशी खाली ठेवली. मी वाट बघत होतो ते भांडतील म्हणून, मुद्दे तयार होते, पण भांडले नाहीत. म्हणाले, 'गाडी तुमची आहे, जावईबापू. तुम्हाला रोज मला बोलवावं लागतं, ते बरं दिसत नाही हे मलाही कळतं. बसवून घ्या.' आणि बायकोकडे न बघता उठले. बायको माझ्याकडे बघत होती. मी फळीकडे बघत होतो. फळी खरंच कलती होती.

गाडी वकिलाकडे बरेच दिवस होती. मामा एकदाच गेले तिथे, मीच घेऊन गेलो, मोठ्या उत्साहाने, बघा तरी म्हटलं. वकिलाने कार्बुरेटर काढून टेबलावर ठेवला होता. मामांनी तो हातात घेतला, बोटाने चाचपला, कडेची घाण नखाने काढली, आणि म्हणाले, 'हा मी नेऊ का?' वकील म्हणाला, न्या की. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि मामा तो छातीशी धरून घरी गेले, चालत. 'गाडीवर सोडतो' म्हणायची सोय नव्हती, गाडीच उघडी पडली होती. आणि जाताना वकिलाला म्हणाले, 'चोकची वायर काढलीत, दिसली मला. खटका राहू द्या तेवढा. भोक वाईट दिसतं.' राहिला खटका. ओढला तर येतो बाहेर, पण त्याच्या मागे काही नाही.

गाडी आली. आणि तुम्हाला सांगतो, पहिला आठवडा काय गेला! सकाळी मी खाली जायचो, बायको दारं-खिडक्या लावून खाली येईस्तोवर गाडी सुरू, एका किल्लीत, ना वास, ना धूर, ना फोन, खालच्या काकू खिडकी उघडून बघायच्या आणि मी कोपर खिडकीवर ठेवून असा बसलेलो की जणू कॉम्प्युटर मीच लिहिलाय. इंजिन तापवायची गरज नाही. बसा की निघा. 

आणि मामा आले नाहीत. का येतील? काम नव्हतं. बायको एक दिवस बोलली नाही, दोन दिवस बोलली नाही, मग दवाखान्यात जाता जाता एका सकाळी म्हणाली, 'जरा मागच्या गल्लीतून घ्या.' घेतली. मामा दारात खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट. ताजी दाढी. पायात चपला. कुठे निघाले होते? कुठेच नाही. फोन शर्टाच्या खिशात, वर डोकावणारा. त्यांना लांबचं दिसत नाही, पण गाडीचा आवाज ओळखला, आवाज बदललाय तरी ओळखला, आणि हात वर केला, नुसता अंदाजाने, आम्ही होतो त्याच्या जरा डावीकडे. बायको पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत बसली, आणि ती चष्मा लावत नाही हो, तो मामांचा जुना, दुरुस्तीला न्यायचा म्हणून घेतलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तुम्हाला सांगतो.

मग मी ठरवलं. वकिलाने मला बजावून सांगितलं होतं, 'साहेब, या गाडीत किल्ली फिरवताना पेडलवर पाय ठेवायचा नाही. पेडल पार दाबलंत तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन बुडलंय, आणि तो पेट्रोलच देत नाही. तुम्ही दिवसभर फिरवा किल्ली, तो तुम्हाला वाचवत बसेल.' म्हटलं चला, उपाय हातात आहे. म्हणजे पायात आहे. पुढच्या सकाळी खाली गेलो, किल्ली फिरवली, आणि मुद्दाम, अगदी विचार करून, पेडल जमिनीला. खर्र खर्र. गप्प. फोन लावला. 'मामा, येता का जरा? गाडी सुरू होत नाही.'

मामा मग म्हणाले, 'कॉम्प्युटर काय म्हणतो?' मी म्हटलं, काही बोलत नाही. 'आलो,' म्हणाले, आणि इतक्या लगेच आले की मला वाटतं फोन आला तेव्हा ते फाटकाबाहेर असणार. मी शेजारी सरकलो. मामा बसले, चोकचा खटका ओढला, ज्याच्या मागे काही नाही तो, पेडल सावकाश दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, पाय काढला, डोळे मिटले, किल्ली. सुरू. 'कलाने घ्यावं लागतं, जावईबापू,' म्हणाले. आणि मग आता आलोच आहे तर म्हणून वर चहाला. फळीबद्दल बोलले. बायको हसली.

आता मला सांगा, हे चांगलंच झालं ना? पण माझी अवस्था बघा. कार्बुरेटर होता तेव्हा मला जुनी गाडी सुरू करता येत नव्हती, त्याला निदान गाडी जुनी हे कारण होतं. आता कॉम्प्युटर बसवून, विज्ञान वगैरे बोलून, रोज सकाळी सगळ्या गल्लीदेखत परत तेच. काकू तर खिडकी लावायच्या ऐवजी आता उघडून बसतात. 'काय हो, एवढं मशीन बसवलंत, अजून सासरेच लागतात?' म्हणतात. वकील येता जाता थांबतो, बघतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकच बाजू मांडतो, 'साहेब, पाय.'   मेल्याहून मेल्यासारखं होतं, तुम्हाला सांगतो, पण म्हटलं होऊ दे, मामा वर चहा पितायत.

आणि मग परवा मामांनी मला खाली थांबवलं. बायको चहा ठेवायला वर गेली होती. इंजिन चालू. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, 'जावईबापू, वायर काढलेली मी तिथेच बघितली होती हो. खटक्यामागे काही नाही हे मला माहीत आहे.'  'आणि पेडल दाबून धरलं की ती सुरू होत नाही, हेही वकिलाने मला सांगितलंय. तुम्ही रोज पाय दाबून धरता. मी येईपर्यंत धरता. सगळी गल्ली हसते तुम्हाला.' मग म्हणाले, 'माझ्या मुलीने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, नाही गं, त्याला खरंच येत नाही. तर ती म्हणाली, बाबा, कॉम्प्युटरची गाडी कुणालाही येते. ते तुमच्यासाठी करतात.' आणि त्यांनी माझा हात धरला, म्हणजे आधी गिअरचा दांडा धरला, मग चाचपत माझा हात, आणि म्हणाले, 'मी माणूस ओळखायला चुकलो. एवढं कुणी करत नाही.' मला वर बघवेना. वर गेलो तर बायकोने माझ्या चहात, मी न मागता, साखर नीट घालून ठेवलेली. संसारात पहिल्यांदा.

झालं. एवढीच गोष्ट. आता कबूल केल्याप्रमाणे, खोटं कुठलं ते सांगतो, म्हणजे मोकळा होतो.

'मग मी ठरवलं' हे खोटं. 'मुद्दाम' हे खोटं.

मला येत नाही हो. खरंच येत नाही. किल्ली फिरली की पाय जमिनीला, माझं काही चालत नाही त्याच्यावर. तो पहिला आठवडा, कोपर खिडकीवर ठेवून बसायचो तो, तेव्हा गाडी रोज वकील सुरू करून द्यायचा, गॅरेज उघडायला जाता जाता, बायको खाली यायच्या आत. मग तो कंटाळला, म्हणाला, साहेब, आता तुमचं तुम्ही बघा. मग कुणाला बोलावणार? मामांना. तुम्ही मघापासून मनात म्हणत असाल, की हा संध्याकाळी दुकानातून घरी कसा येतो? उतारावर लावतो गाडी. तीन गल्ल्या चालत जावं लागतं, पण उतार चांगला आहे. ब्रेक सोडून घरंगळू दिली आणि क्लच सोडला की सुरू होते. असा मी. आणि या माणसाचा हात धरून मामा म्हणाले, एवढं कुणी करत नाही. आता काय सांगू त्यांना? की नाही मामा, तुम्ही आधी ओळखलंत तेच बरोबर होतं? आणि साखर परत करू?

बरं, हे सगळं इथवर चालून गेलं असतं. पण आज सकाळी उजव्या पायात गोळा आला. भयंकर. किल्ली फिरवली आणि पाय हललाच नाही, आणि गाडी सुरू झाली. माझ्याकडून. एका किल्लीत. मी बसून राहिलो, आवाज ऐकत, डोळे मिटून, मान जराशी कलती. काय सुंदर चालते हो ती. कुणाला तरी हाक मारावी म्हणून काच खाली केली, तर काकूंची खिडकी नेमकी बंद.

मग किल्ली उलटी फिरवली, बंद केली, आणि फोन लावला. 'मामा, येता का जरा? गाडी सुरू होत नाही.'

तेवढं एक मात्र मी मुद्दाम केलं. आणि सांगायची सोय नाही, कारण घरात सगळ्यांना वाटतं की मी ते रोजच करतो.